‘समजले’च्या खाली सही

आमच्या संस्थेच्या भांडारात बेंच पॉवर सप्लाय नावाची, हवी तेवढी वीज मोजून देणारी अकरा यंत्रं आहेत. गेली एकोणीस वर्षं ती माझ्या ताब्यात आहेत. ताब्यात म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरात. दरवर्षी मी ती मोजतो, अकरा भरली की बरोबरची खूण करतो आणि खाली सही करतो. त्यांतलं एकही मी कधी चालू करून पाहिलेलं नव्हतं. भांडाराच्या मुख्य लिपिकानं यंत्रं सांभाळायची असतात, चालवायची नसतात, असं माझं तत्त्व होतं आणि ते चांगलं तत्त्व होतं. ते मी एका रविवारी मोडलं. त्याचं पुढं काय झालं ते मीच सांगून टाकतो, कारण बाहेर ज्या आवृत्त्या फिरताहेत त्यांवर माझा विश्वास नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे तारकाका सांगतात त्या आवृत्तीत ज्वाळा आहेत. ज्वाळा नव्हत्या. धूर होता, आणि तोही बेताचा.

मूळ विषय आईच्या घड्याळाचा. आईच्या डोळ्यांनी चार वर्षांपूर्वी कायमची रजा घेतली. उजेड आणि अंधार तेवढा कळतो, बाकी काही नाही. तिच्या उशाशी एक बोलकं घड्याळ आहे. डब्याएवढं, वर एक मोठं बटण. दाबलं की आतून एक बाई स्वच्छ, सावकाश आवाजात वेळ सांगते. “नऊ वाजून वीस मिनिटं.” ज्या छोट्या कारखान्यात ते बनलं तो कधीच बंद पडला. आई त्या आवाजाला ‘बाई’ म्हणते. बाईच्या भरवशावर आई स्वतः उठते, डोळ्यांत दोन वेळा थेंब घालते, गोळ्या घेते आणि मी घरी यायला उशीर केला तर किती मिनिटं केला ते मला ऐकवते. या घरात मी साठीला आलो तरी माझं वेळापत्रक आईकडेच आहे.

तर एका सोमवारी त्या घड्याळाचा अडॅप्टर फुगला आणि मेला. घड्याळात सेल घालायची जागा होती, पण जुने सेल आत पाझरून ती केव्हाच गंजून गेली होती. बाई मुकी झाली. आणि आईनं पहिल्यांदा मला विचारलं, “किती वाजले रे?”

मी सांगितलं. दहा मिनिटांनी तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्या संध्याकाळी तिनं अकरा वेळा विचारलं, मी मोजलं, कारण मोजणं हा माझा पेशाच आहे. बाराव्या वेळी मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, “आई, आत्ताच सांगितलं ना!”

आवाज थोडा वर गेला असावा. आई “बरं” म्हणाली. त्यानंतर तिनं वेळ विचारली नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. बुधवारी सकाळी हिच्या लक्षात आलं की आई थेंबांची बाटली हातात धरून नुसतीच बसली आहे. आठ वाजले की नाही ते तिला कळत नव्हतं आणि विचारायचं तर नव्हतं.

ही मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, “आईंचं घड्याळ या आठवड्यात बोलतं झालं पाहिजे. नाहीतर त्यांच्याशेजारी तुम्ही बसा आणि दर पाच मिनिटांनी बोला.”

फोन बोलतो, तोच घ्या, असं तारकाकांनी सुचवलं होतं. तारकाका तारखात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण संदेश पोचवण्याची त्यांची सवय अजून गेलेली नाही. फोन आईला देऊन पाहिला. त्यातली बाई फार घाईत बोलते आणि तिच्या आवाजात आपलेपणा नाही, असा शेरा मारून आईनं तो परत केला.

मी मेलेला अडॅप्टर घेऊन बाजारातल्या इलेक्ट्रिकवाल्याकडे गेलो. अडॅप्टरवरची अक्षरं पुसली गेली होती, कारण आईनं तो चार वर्षं रोज ओल्या फडक्यानं पुसला होता. घड्याळाच्या बुडाशी ‘६ व्होल्ट’ एवढंच कोरलेलं होतं.

“करंट किती लागतो?” त्यानं विचारलं.

“साधारण लागतो,” मी म्हणालो.

“साहेब, साधारण हे माप नाही.” त्यानं पिन डोळ्याजवळ नेली. “ही पिन पण वेगळी आहे. आतली बाजू प्लस का बाहेरची, तेही ठाऊक पाहिजे. उगाच काहीतरी नेऊन लावाल, घड्याळ जाळाल आणि माझ्या नावानं शंख कराल. कुणाकडे बेंच पॉवर सप्लाय असेल तर लावून बघा घड्याळ किती घेतंय ते. मग या.”

कुणाकडे असेल तर! दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी शांतपणे म्हणालो, “माझ्याकडे अकरा आहेत.” तिघांनीही माझ्याकडे वळून पाहिलं. हा क्षण मला फार महागात पडला, पण तेव्हा बरं वाटलं हे खोटं कशाला सांगू.

आता संस्थेचं यंत्र घरी न्यायचं तर गेटपास लागतो. गेटपासाची पद्धत मीच बसवलेली आहे. अर्जदारानं मुख्य लिपिकाकडे अर्ज करायचा, मुख्य लिपिकानं शिफारस करायची. मी अर्ज लिहिला आणि आमच्या आवक-जावक मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडम माझ्याच खोलीत, माझ्या समोरच बसतात. त्यांनी त्यावर आवक क्रमांक टाकला आणि तोच कागद मला दिला. मी चष्मा पुसून वाचला. अर्जात ‘घरगुती कामासाठी’ असं लिहिलेलं होतं. एकोणीस वर्षं असे मोघम अर्ज मी परत पाठवत आलोय. हात आपोआप चालला आणि मी समासात शेरा मारला : ‘हेतू स्पष्ट करावा.’

“आता याला जावक क्रमांक टाकते,” मॅडम म्हणाल्या, “म्हणजे तुम्हाला मिळेल.”

त्यांनी क्रमांक टाकून कागद मला परत दिला. मी हेतू स्पष्ट केला : ‘मातोश्रींच्या घड्याळाचे माप घेणे.’ तो पुन्हा आवक झाला. या वेळी मला तो समाधानकारक वाटला. पण मॅडमनी नियम सहा काढला. नियम सहा असा, की यंत्र नेणाऱ्यानं प्रयोगशाळेतल्या सरांकडून ते वापरायचं शिक्षण घ्यावं आणि रजिस्टरात ‘समजले’ असं लिहून सही करावी. हाही नियम माझाच. तो करताना मी बाहेरच्या माणसांचा विचार केला होता.

प्रयोगशाळेतले सर माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत आणि फार सभ्य आहेत. ऐकून घेऊन म्हणाले, “घड्याळच इकडे घेऊन या ना. यंत्र नऊ किलो आहे, घड्याळ पाव किलो असेल.”

हे बोलणं इतकं सरळ होतं की मला त्याचा राग आला. शिवाय आई घड्याळ घराबाहेर जाऊ देणार नाही, बंद पडलं तरी ते तिच्या उशाशीच हवं असतं, हेही खरं होतं. मी तेवढंच सांगितलं.

“बरं,” सर म्हणाले, “मग एवढंच लक्षात ठेवा. पहिली गोष्ट करंट लिमिट. म्हणजे कितीच्या वर द्यायचं नाही ते यंत्राला आधी सांगून ठेवायचं. व्होल्टेज एक-दोनवर ठेवा. मग ही लाल वायर आणि ही काळी वायर एकमेकींना जोडा.”

माझे कान टवकारले. “जोडा?”

“सरळ जोडा. शॉर्ट करा. इथं चालतं ते, बाकी कुठं करू नका. मग करंटचा नॉब फिरवून शंभर मिलीअँपिअरवर आणा. वायरी सोडा. आता व्होल्टेज सहा करा आणि मग घड्याळ लावा. आत काही घोटाळा असला तरी शंभरच्या वर जाणार नाही. हा लाल दिवा लागला तर काय समजायचं? तर कुणीतरी जास्त मागतंय आणि यंत्र देत नाहीये. तेव्हा काय करायचं?”

खरं सांगायचं तर ‘जोडा’ या शब्दापाशीच मी थांबलो होतो. जन्मभर ज्या दोन वायरी एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत म्हणून आपण चिकटपट्ट्या गुंडाळल्या, त्या हा मनुष्य जोडायला सांगत होता. त्याच्या पुढचं सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. पण विचारायचं कसं? अकरा यंत्रांचा ताबेदार मी, आणि दारात मॅडम रजिस्टर घेऊन उभ्या.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे काय करायचं?”

“तेच. तुम्ही म्हणालात ते.”

मॅडमनी रजिस्टर पुढं केलं. मी ठसठशीत अक्षरात ‘समजले’ लिहिलं आणि खाली सही केली. सही माझी चांगली येते.

रविवारी सकाळी ते नऊ किलोंचं धूड दोन्ही हातांनी पोटाशी धरून मी तीन जिने चढत होतो. पहिल्या मजल्यावर सेक्रेटरी भेटले. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी जिन्यातच राहतात की काय अशी मला शंका आहे.

“हे काय नेताय?”

“पॉवर सप्लाय.”

“अहो, पॉवर सप्लाय तर इमारतीला आहे की! निवासी जागेत प्रयोगशाळेचं उपकरण आणायचं तर कमिटीला अर्ज लागतो.”

अर्ज या शब्दानं माझे हात आणखी दुखायला लागले. तोंडी परवानगी द्या, लेखी मागाहून देतो, असं मी म्हणालो. त्यांनी ती एका अटीवर दिली. प्रयोगाच्या वेळी ते जातीनं हजर राहणार. वरून तारकाकांचा आवाज आला, “मीही येतो.” ते चौथ्या मजल्यावरून ऐकत होते.

दहा वाजता आमच्या बाहेरच्या खोलीत टेबलावर यंत्र, त्याच्यापुढं घड्याळ, भोवती तीन खुर्च्या आणि आतल्या दाराशी आई. हिनं चहा ठेवला. मी जुन्या अडॅप्टरची वायर कापून पिन घड्याळाला लावून ठेवली होती. दाढीही केली होती. यंत्राचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

“बिघडलेलं दिलंय तुम्हाला,” सेक्रेटरी म्हणाले.

“आमच्या खात्यात अशा वेळी डावीकडून थाप मारत,” तारकाका म्हणाले आणि त्यांनी मारली. मग उजवीकडूनही मारली. मी फ्यूज काढला, फुंकला, घातला. वायर पाहिली. सेक्रेटरींनी यंत्रं जमिनीच्या समांतर असावी लागतात असा सिद्धांत मांडला आणि आम्ही टेबलाच्या पायाखाली वर्तमानपत्राची घडी घातली. अर्धा तास गेला. तेव्हा ही चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि घाम पुसत म्हणाली, “अहो, पंखा पण बंद आहे.”

पंखा बंद होता. फ्रीज बंद होता. सगळं घरच बंद होतं.

“मेन स्विच मी खालून बंद केलाय,” सेक्रेटरी म्हणाले. “खबरदारी म्हणून. प्रयोग म्हटल्यावर...”

ते तीन जिने उतरून गेले, स्विच लावला आणि तीन जिने चढून आले. यंत्राच्या तोंडावर आकडे उमटले. आईला दिसलं नाही, पण आम्ही सगळे गप्प झालो त्यावरून तिला कळलं.

मला एवढं आठवत होतं की आधी वायरी जोडायच्या. म्हणून मी एका हातात लाल वायरीचा चिमटा घेतला, दुसऱ्या हातात काळ्या वायरीचा, आणि ते एकमेकांजवळ आणले.

“अहो काय करताय!” तारकाका खुर्चीवरून उठले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. सेक्रेटरी खुर्चीसकट मागं सरकले. “लाल आणि काळी? जोडताय? घरात म्हातारं माणूस आहे!”

“सरांनी सांगितलंय,” मी म्हणालो.

“सरांचं घर आहे का हे?” सेक्रेटरी म्हणाले.

“त्यांना फोन करून विचारा ना एकदा,” ही म्हणाली.

“रविवारी कुणाला त्रास द्यायचा नसतो,” मी म्हणालो. खरं कारण निराळं होतं. शुक्रवारी ‘समजले’ लिहिलेल्या माणसानं रविवारी काय तोंडानं विचारायचं? हिनं माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात तिला माझी खरी कारणं आपोआप कळायला लागली आहेत.

वायरी न जोडता, व्होल्टेज सहा करून, करंटचा नॉब अंदाजानं थोडासा फिरवून ठेवावा, असं ठरलं. मग प्लस कुठला आणि मायनस कुठला हा प्रश्न आला. पिनेच्या वायरीचे दोन्ही पदर काळे, एकावर पांढरी रेघ. पांढरी रेघ म्हणजे प्लस, असं माझं मत. पांढरी म्हणजे मायनस असू शकेल, असं हिचं. मतदान झालं. मी, तारकाका आणि सेक्रेटरी पांढऱ्याच्या बाजूनं. ही एकटी विरुद्ध.

“बाईला विचारलंत का कुणी?” आई दारातून म्हणाली. आम्ही हसलो.

लाल चिमटा पांढऱ्या रेघेला लावला, काळा दुसऱ्या पदराला. आणि यंत्रावरचा लाल दिवा लागला. घड्याळ गप्पच. व्होल्टेजचा आकडा सहावरून घसरला आणि शून्य पॉइंट सातवर जाऊन बसला.

“लाल लागला,” सेक्रेटरी म्हणाले.

“लाल म्हणजे अडलंय. लाइन मिळत नाहीये,” तारकाका म्हणाले. “शेजारी हिरवा आहे बघा. हिरवा आला की समजायचं, चालू. द्या अजून थोडं.”

मी करंटचा नॉब थोडा फिरवला. लालच. आणखी फिरवला. यंत्र जरासं गुणगुणलं, पण दिवा हटेना. कचेरीत काम केलेल्या माणसाला लाल खूण सहन होत नाही. लाल शेरा असला की तो जाईपर्यंत फाइल हातातून सुटत नाही. मला एवढंच दिसत होतं, की हा दिवा हिरवा झाला पाहिजे, आणि तो या तिघांच्या समोर झाला पाहिजे.

“पुरे करा,” ही म्हणाली.

“होतंय, होतंय,” मी म्हणालो आणि नॉब टोकापर्यंत नेला.

लाल दिवा विझला. हिरवा लागला. व्होल्टेजचा आकडा उडी मारून सहावर आला. तारकाकांनी टाळी वाजवली. सेक्रेटरींनी माझ्या पाठीवर थाप मारली. मीही मान थोडी झुकवून तिचा स्वीकार केला. दोन-तीन सेकंद आमच्या घरात आनंद होता.

“कसला वास येतोय रे?” आई म्हणाली.

घड्याळाच्या मागच्या फटीतून एक बारीक करडा धूर निघाला आणि सरळ वर गेला. मी आधी चिमटे ओढले, मग यंत्र बंद केलं, मग काय करावं ते न कळून चहा घेतला. तारकाका उठून म्हणाले, त्यांना एक निरोप द्यायचा आहे. सेक्रेटरी त्यांच्या मागून गेले. जाताना त्यांनी लेखी अर्जाची आता गरज नाही असं सांगितलं.

आई भिंतीला धरत टेबलापाशी आली. तिनं घड्याळावर हात ठेवला. ते गरम होतं. तिनं सवयीनं बटण दाबलं, थोडं थांबून पुन्हा दाबलं.

“गेली वाटतं बाई,” ती म्हणाली. “जाऊ दे. तू मुद्दाम थोडंच केलंस.”

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या दुपारी ती खिडकीत बसून राहिली, ऊन हाताच्या कुठल्या भागावर येतंय ते चाचपत. चहा मागायची वेळ झाली की नाही हे तिला उन्हावरून ठरवायचं होतं, आणि मधेच ढग आला. मी पलीकडच्या खुर्चीत घड्याळ बांधलेल्या हातानं बसलो होतो. दर दहा मिनिटांनी वेळ सांगावी असं मनात येत होतं, पण न विचारता सांगितलं तर ती कीव होईल आणि आईला कीव चालत नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोमवारी मी यंत्र आणि घड्याळ दोन्ही घेऊन संस्थेत गेलो. घड्याळ नेतो म्हटल्यावर आईनं ते स्वतःच्या हातानं टॉवेलात गुंडाळून दिलं.

सरांनी घड्याळ उघडून भिंगाखाली धरलं. “उलटं लावलं होतंत,” ते म्हणाले. “पांढरी रेघ एरवी प्लस असते खरी, पण ती पिनेच्या आतल्या बाजूला जाते आणि या घड्याळाला आतली बाजू मायनस लागते. अडॅप्टरच तसा केलेला होता. याच्या तोंडाशी हा एक डायोड असतो, राखणदार. उलटं लावलं तर सगळा करंट तो स्वतःवर घेतो. म्हणून तर लाल दिवा लागला. यंत्र सांगत होतं, काहीतरी चुकलंय, मी एवढ्याच्या वर देणार नाही. तेव्हा तुम्ही काय केलंत?”

“जास्त दिलं.”

“हिरवा होईपर्यंत?”

“हो.”

“हिरवा झाला तेव्हा ही तांब्याची बारीक पट्टी जळून तुटली. घड्याळ काही मागतच नव्हतं, म्हणून हिरवा.” ते हसले नाहीत, हे मी विसरणार नाही. “पण तुटली ते बरं झालं. आतपर्यंत काही पोचलेलं नाही. डायोड बदलतो, एक तार जोडतो. बोलेल.”

मी म्हणालो, “सर, मला शुक्रवारी काही समजलं नव्हतं.”

मॅडम दारातच होत्या, रजिस्टरासह. यंत्र परत आलं की नोंद करायची असते. त्या म्हणाल्या, “इथं तर तुम्ही ‘समजले’ लिहिलंय.”

रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. पांढरी शाई वर्ज्य. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, तो वाचता आला पाहिजे, वर बरोबर मजकूर, शेजारी सही आणि तारीख. हा नियम कुणाचा ते सांगायला नको. एकोणीस वर्षांत त्या रजिस्टरात माझ्या नोंदीवर अशी रेघ कधी पडली नव्हती. मी ‘समजले’वर रेघ मारली, वर ‘समजले नव्हते’ लिहिलं आणि सही केली. ही सही जरा वाकडी आली.

“आता शिकवा,” मी सरांना म्हणालो.

या वेळी त्यांनी माझ्या हातानं सगळं करवलं. व्होल्टेज एकवर. लाल चिमटा डाव्या हातात, काळा उजव्या. मी डोळे मिटले आणि जोडले. काही झालं नाही. डोळे उघडले तर लाल दिवा शांतपणे लागलेला होता. मी नॉब फिरवत शंभरवर आणला आणि यंत्र तिथं थांबलं. मी चिमटे आणखी जोरात दाबून पाहिले, तरी ते शंभरच्या पुढं जायला तयार नव्हतं. अशी ठाम वस्तू माझ्या ताब्यात एकोणीस वर्षं होती आणि मी फक्त डोकी मोजत होतो.

घड्याळ जोडल्यावर दिवा हिरवाच राहिला. गप्प असताना ते चाळीसच्या आसपास घेत होतं आणि बाई बोलली की ऐंशी. ती बोलली तेव्हा मॅडमनी आवक-जावक बाजूला ठेवलं.

मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला, स्वतःच शिफारस केली आणि या वेळी शेरा मारला नाही. वाटेत इलेक्ट्रिकवाल्याकडे थांबलो. “सहा व्होल्ट, ऐंशी मिलीअँपिअर, आतली बाजू मायनस,” मी म्हणालो. त्यानं तीनशेचा अडॅप्टर काढून दिला. तीनशे म्हणजे जास्त होत नाही ना, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. घड्याळ लागेल तेवढंच घेतं, उरलेलं अडॅप्टरपाशीच राहतं. मला हे समजलेलं होतं. खरोखरच समजलेलं होतं.

घरी आलो तेव्हा आई खिडकीतच होती. चपलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली.

“आलास? आज साडेपाच फार लवकर वाजले,” ती म्हणाली, आणि थेंबांची बाटली शोधायला हात पुढं केला.

तेव्हा मला कळलं, की इतके दिवस न विचारता तिनं कसं निभावलं. सकाळी मी गेलो की साडेनऊ, संध्याकाळी माझ्या चपला वाजल्या की साडेपाच, आणि त्यावर थेंब. एका शब्दानं मी तिला तोडलं होतं, तरी तिनं घड्याळ म्हणून मलाच धरून ठेवलं होतं.

“आई, थांब. थेंब नको घालू,” मी म्हणालो. “चारला दहा कमी आहेत. मी रजा काढून आलोय.”

“तू? रजा?” तिनं हात मागं घेतला. “मंजूर कुणी केली?”

“मीच.”

मी अडॅप्टर लावला, पिन घड्याळात घातली, वेळ लावली आणि घड्याळ तिच्या हातात दिलं. तिनं बटण चाचपलं आणि दाबलं.

“तीन वाजून बावन्न मिनिटं,” बाई म्हणाली.

आईनं पुन्हा दाबलं. मग पुढचा दीड तास ती दर पाच मिनिटांनी दाबत राहिली. मी पेपर घेऊन शेजारी बसलो होतो आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही. मधे ही चहा घेऊन आली, तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि कप ठेवून आत गेली. थोड्या वेळानं आईनं परत एकदा बटण दाबलं.

“पाच वाजून तीस मिनिटं,” बाई म्हणाली.

आईनं घड्याळ उशाशी ठेवलं, माझ्याकडे तोंड केलं आणि बाटलीसाठी हात पुढं केला.

“हं,” ती म्हणाली, “आता आलास.”